अंगठ्याचा धावदोरा

फार फार पूर्वी, डोंगरावरचं बर्फ उन्हाळ्यातही हटत नसे म्हणतात त्या काळी, एका राज्याच्या अगदी टोकाला हातमोजे शिवणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावात एक मोजेकरीण राहायची. तिचा नवरा खिंडीतला दोरवाला. खिंडीत कुणी अडकलं की डोंगरावरची घंटा वाजायची आणि हा खांद्यावर दोर टाकून निघायचा. कड्यावर पाय रोवून एकेक माणूस दोराने खाली सोडायचं, हे त्याचं काम. लोक म्हणत, "दोर तुटेल, पण याची मूठ सुटायची नाही."

बायकोही कसबात कमी नव्हती. श्रीमंतांसाठी ती मऊ कातड्याचे पाच बोटांचे मोजे शिवी आणि खिंडीत जाणाऱ्यांसाठी जाड घोंगडीचे मुठीचे मोजे. मुठीच्या मोज्यात चार बोटांना मिळून एकच घर आणि अंगठ्याला शेजारी वेगळी खोली. ही खोली जोडण्यातच खरी मेख असते, कारण दोर धरला की सगळा ताण तिथेच येतो. म्हणून आधी लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा घालायचा, आणि मग त्यावर मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी पक्की शिवण.

गावाचा रिवाज असा, की धावदोरा नेहमी लाल घालायचा आणि पक्की शिवण काळी. अर्धवट मोजा लांबूनच ओळखू यावा आणि चुकूनही कुणी तो हातात घालू नये, म्हणून पूर्वजांनी घालून दिलेली ही रीत. शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती.

त्या वर्षी डोंगराच्या पायथ्याच्या राजवाड्यातून बोलावणं आलं. राणीला पाचही बोटांवर लाल फुलं भरलेले मोजे हवे होते. झालं! बाईचे पाय जमिनीवर ठरेनात. चुलीवर भात करपला तरी तिला पत्ता नसायचा. रोज संध्याकाळी ती राणीचा मोजा स्वतःच्या हातात चढवून नवऱ्यापुढे धरायची.

"ओढा हो, जोरात ओढा. एकही टाका हलता कामा नये."

तो हसायचा. "अगं, तुझ्या टाक्याला हत्ती बांधला तरी सुटायचा नाही." तरीही ती सांगेल तितक्या वेळा बिचारा ओढून बघायचा.

थंडी तोंडावर आली तेव्हा तो म्हणाला, "माझ्या उजव्या मोज्याचा अंगठा उसवलाय. तेवढा बघशील का?"

"बघते हो. तुमचं काय, घरचंच काम."

घरचं काम मागे पडत गेलं. राजवाड्यात जायच्या आदल्या दिवशी तिला आठवण झाली. तिने जुनी शिवण उसवली आणि धावदोरा घालायला घेतला, तर लाल दोरा संपलेला. सगळा राणीच्या फुलांत गेला होता. शेजारणीकडे मागायचा, तर तिच्या गप्पांत दुपार गेली असती. बाईने काळाच दोरा ओवला, भराभरा लांब टाके घातले आणि मोजा खुंटीला अडकवला. 'उद्या आल्यावर पक्का करते,' ती मनाशी म्हणाली. नवऱ्याला सांगायचंही तिच्या मनात होतं. पण राणीपुढे कुठलं लुगडं नेसावं, या विचारात ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी राणीने मोज्यात हात घातला, "छान आहेत" म्हणाली आणि मोजे दासीकडे दिले. दासीने पेटी उघडली. आत तसल्या मोज्यांची रास होती, त्यावर हेही पडले. पेटी बंद झाली.

तेवढ्यात डोंगरावर घंटा वाजली.

राजवाड्यातल्या कुणी मानही वर केली नाही. मोजेकरणीच्या डोळ्यांपुढे मात्र ती खुंटी उभी राहिली. ती धावत सुटली. ऊर फुटेस्तोवर धावली, अनवाणी, चिखलातून. घराचं दार उघडं होतं आणि खुंटी रिकामी.

मिठाचे व्यापारी खिंडीत अडकले होते. पहिल्याच माणसाचा भार दोरावर आला आणि उजव्या मोज्याचा अंगठा निखळला. मोजा हातावरून फिरला, दोर सरकू लागला. दोरवाल्याने दातांनी मोजा ओढून फेकून दिला आणि बर्फाने कडक झालेला दोर उघड्या हाताने धरला. शेवटचा माणूस खाली पोचेपर्यंत त्याने मूठ सोडली नाही. सगळे वाचले. त्याची बोटं मात्र वाचली नाहीत. वैद्याने अंगठ्यासकट पाचही काढली.

गावाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मोजा जुना होता. घोंगडीच कुजली होती."

लोकांना ते पटलं. लोक गेल्यावर बाई त्याच्या पायाशी बसली. "तुम्हाला कळलं होतं ना?"

"अंगठा निघाला तेव्हा कळलं. टाके लांब होते."

"मग मला बोला काहीतरी. शिव्या द्या!"

"काय बोलू? निघताना मोजा ओढून बघायचा असतो. बरोबरच्या सगळ्यांचे मी बघितले." त्याने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. "हा तुझ्या हातचा होता. म्हणून नाही बघितला."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं. हे सोसवेना.

दोर दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. दोरवाला चुलीशी बसून राहू लागला. घंटा वाजली की त्याचा खांदा आपोआप हलायचा आणि तो खाली बघायचा. बाई घास भरवायची, तो खायचा. पुढच्या थंडीत त्याचा थोटा हात ठणकू लागला, तेव्हा तिने त्यासाठी एक मोजा शिवला. त्याला अंगठ्याची खोली नव्हती. सगळीकडे दुहेरी शिवण होती, टाक्याला टाका लागून, दोऱ्याला मेणावर मेण.

त्याने तो डाव्या हाताने उलटसुलट करून पाहिला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं.

"किती पक्का शिवलास गं," तो म्हणाला. "आता याला ओढणार कोण?"

त्यानंतर ती जगली तितकी वर्षं मोजे शिवत राहिली, आणि प्रत्येक मोजा हातावेगळा करण्याआधी स्वतः ओढून बघत राहिली.

तात्पर्य: आधी आपल्या माणसाचा टाका पक्का करावा, परका ओढून बघतो, आपला माणूस बघत नाही.