शलाका कुठे शिरते

शलाका म्हणजे काडी. डोळ्यांत अंजन घालण्याची ती शलाका, आणि जुन्या पाठशाळांत पोथीच्या पानांत सारण्याची तीही शलाकाच. तिचा हा दुसरा उपयोग आज फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून तो आधी सांगितला पाहिजे. शिष्याने एखादा ग्रंथ पुरा केला की गुरू ती पोथी मिटलेलीच हाती घेत, डोळे मिटून तिच्या सुट्या पानांत एक बारीक काडी सारत, आणि काडी जिथे शिरेल ते पान शिष्याने भर सभेत उलगडून सांगायचे. प्रश्न गुरूने निवडायचा नाही आणि शिष्यानेही नाही. तो काडीने निवडायचा. या रीतीला शलाकापरीक्षा म्हणत. काडीला सोयरा नाही आणि वैरीही नाही, तेव्हा तिच्याइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाही, असे सर्वांनाच वाटे.

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध शास्त्री न्यायशास्त्र शिकवीत असत. त्यांच्या पाठशाळेत तीन श्रेणी होत्या: उत्तम, मध्यम आणि 'पुन्हा ये'. ज्याला उत्तम श्रेणी मिळे त्याला गावचा एक कापडव्यापारी लाल काठाचा शेला देई, आणि सभेत तो पहिल्या ओळीत बसे.

विश्वंभर हा त्यांचा शिष्य. पाठांतर चोख, वाणी स्पष्ट, आणि मन सदैव त्या पहिल्या ओळीकडे लागलेले. त्याचे वडील गावजोशी होते. मुलाविषयी कोणी विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "आमचा विश्वंभर ना? बसलाय तिकडे पोथीची पाने मोजत." ज्या दिवशी विश्वंभराला उत्तम श्रेणी मिळाली, त्या दिवशी वडिलांनी तो शेला स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि देवळात जाताना मुद्दाम बाजारपेठेतून गेले. मुलाने हे दुरून पाहिले. आपण कोणीतरी आहोत, असे त्याला आयुष्यात प्रथमच वाटले.

हे वाटणे पंधरवडाही टिकले नाही. पाठोपाठ इतर शिष्यांच्या परीक्षा झाल्या आणि एकामागून एक सगळेच उत्तम ठरले. कापडव्यापारी पाठशाळेत आला तो हसतच.

"शास्त्रीबुवा, यंदा माझी फजिती केलीत हो! शेले कमी पडले, माणूस पुन्हा पेठेत पिटाळावा लागला. पुढल्या वर्षी अख्खे ठाणच आणून ठेवतो, तुम्ही लागेल तसे फाडून द्या."

सगळे हसले. विश्वंभर हसला नाही, कारण सर्वांत शेवटी जो उत्तम ठरला तो मोरेश्वर होता.

मोरेश्वर हा पाठशाळेतला सर्वांत मंद चालीचा विद्यार्थी. ग्रंथातील वाक्याला त्या पाठशाळेत पंक्ती म्हणत, आणि तिचा अन्वय व अर्थ बसवणे म्हणजे पंक्ती लावणे. एखादी पंक्ती लागली नाही की मोरेश्वर तिथेच बसून राही. पाठ पुढे गेला तरी तो जात नसे. "मोरेश्वराचा बैल पुन्हा बसला रे!" असे मागून कोणीतरी ओरडे, आणि मोरेश्वर स्वतःच म्हणे, "बसलाय खरा. जरा शेपटी पिळा कोणीतरी." अशा माणसाच्या खांद्यावर आपल्यासारखाच शेला! त्याचा काठ आपल्या काठाहून बोटभर रुंद आहे, असेही विश्वंभराला वाटू लागले. वस्तुतः दोन्ही काठ सारख्याच रुंदीचे होते.

एका सोबत्याने त्याला विचारले, "अरे, पण तुझे काय गेले? तुझा शेला काढून घेतला का कोणी?"

"घेतलाच म्हणायचा. सगळ्यांच्याच खांद्यावर शेला असेल, तर माझ्या खांद्यावर आहे ते काय? फडके!"

मोरेश्वर बोलू लागला की विश्वंभर त्याचे उच्चार तपासी, तो गप्प बसला की त्याच्या गप्प बसण्यात अज्ञान पाही. शेवटी तो शास्त्रीबुवांसमोर जाऊन उभा राहिला.

"गुरुजी, मोरेश्वराला सोपे पान आले."

"पान मी निवडले नाही."

"काडीने निवडले, ते मला कळते. पण..."

"काडीने त्याची भीड धरली, असे तुला म्हणायचे आहे?"

विश्वंभर एकदम म्हणाला, "त्याला कठीण पान द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. मला निवडू द्या, मग पाहू कोण उत्तम ते!"

बोलून गेल्यावर तो स्वतःच घाबरला. शास्त्रीबुवांनी मात्र शेजारच्या फळीवरची शलाका उचलली आणि शांतपणे त्याच्या हातावर ठेवली.

"घे. उद्या सकाळी सभेत मोरेश्वराची परीक्षा पुन्हा होईल. पान तू निवडायचेस, आणि डोळे उघडे ठेवून निवडायचेस. अट एकच. त्याचे उत्तर बरोबर की चूक, हेही तूच सांगायचेस. आणि का, तेही. मी मध्ये बोलणार नाही."

ही वार्ता पसरताच पाठशाळेत कुजबूज झाली. "गुरुजींना वार्धक्य आले," कोणी म्हणाले. "माकडाच्या हाती कोलीत दिले," दुसरा म्हणाला. मोरेश्वर तेवढा विश्वंभराकडे येऊन म्हणाला, "पान लवकर निवड हं. पोथी एकच आहे. दुपारी थोडी मलाही वाचू दे."

"आज पोथी माझ्याकडेच राहील," विश्वंभर म्हणाला.

"बरं बाबा, परीक्षक तू," म्हणून मोरेश्वर नदीवर निघून गेला.

विश्वंभराने पोथीचा रुमाल सोडला, वरची फळी बाजूला ठेवली आणि कठीण पान शोधू लागला. पोथी रोजच्या हाताळणीतली होती, तरी या दृष्टीने तिच्याकडे त्याने कधी पाहिले नव्हते. काही पानांच्या कडा मऊ पडून पिवळसर झाल्या होत्या. ती बोट लागताच विलग होत. इतर पानांच्या कडा कोऱ्या होत्या. कागदाला दिलेल्या खळीमुळे ओल धरून ती एकमेकांना चिकटून बसली होती. त्याला एक विचार आला. त्याने डोळे मिटले आणि गुरुजी सारीत तशी शलाका सारली. ओळखीचे पान निघाले. पुन्हा सारली, पुन्हा ओळखीचेच. आणखी एकदा सारली तेव्हा जे पान निघाले ते पाहून त्याचा हात थांबला. ते त्याच्या स्वतःच्या परीक्षेचे पान होते.

मग त्याने हट्टाने शलाका चिकटलेल्या पानांत रेटली. ती वाकली, आत गेली नाही. तेव्हा त्याने नखाने कड सोडवली, दोन पाने करकर आवाज करीत वेगळी झाली, आणि त्याने वाचले. हा भाग गुरुजींनी शिकवलेला होता. परीक्षेत तो कधीच येत नाही, म्हणून कोणी पुन्हा पाहिला नव्हता. पहिली पंक्ती त्याला लागेना. दिवेलागण झाली तरी लागेना.

आता तो पेचात सापडला. ओळखीचे पान द्यावे, तर मोरेश्वर ते सांगणार आणि आपल्यालाच त्याला भर सभेत उत्तम म्हणावे लागणार. हे पान द्यावे, तर उत्तराची पारख कशी करायची? पुष्कळ वेळाने त्याने मनाशी ठरवले: हेच पान द्यायचे, आणि मोरेश्वर काहीही म्हणो, चूक म्हणायचे. गुरुजी मध्ये बोलणार नाहीत. कारण काय, रचता येते.

सकाळी सभा भरली. विश्वंभराने पोथी उघडून ते पान मोरेश्वरासमोर ठेवले. मोरेश्वराने ते हातात घेतले, कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "हे कुठून काढलेस रे? याला तर कोणाचा हातच लागलेला नाही." मग तो वाचू लागला, आणि नेहमीप्रमाणे बसून राहिला. मागून कोणीतरी बैलाचा हंबर काढला. थोडी हसाहस झाली.

मग मोरेश्वराने पहिली पंक्ती लावली. आक्षेप कोणाचा, उत्तर कोणाचे, आणि मधला शब्द कोणाकडे ओढायचा, हे त्याने सावकाश सांगितले. विश्वंभराच्या मनात कुलपात किल्ली फिरावी तसे झाले. काल ज्या पंक्तीवर त्याने सायंकाळ घालवली होती ती त्याच्यासमोर उघडली होती, आणि उघडणारा मोरेश्वर होता! दुसरी पंक्ती पहिलीच्या आधाराने लागली. तिसरीपाशी मोरेश्वर अडला. त्याने ती पुन्हा वाचली, मान हलवली आणि म्हणाला, "इथे माझी गती संपली. ही मला कळत नाही."

सगळ्यांच्या दृष्टी विश्वंभराकडे वळल्या. शास्त्रीबुवा म्हणाले, "परीक्षक, निर्णय?"

जिभेच्या टोकावर 'चूक' हा शब्द तयार होता. कारणही त्याने सकाळी स्नान करताना रचून ठेवले होते. एवढे म्हटले की मोरेश्वराचा शेला उतरणार होता, आणि बाजारपेठेतून मिरवलेल्या त्या एका शेल्याला त्याचे मोल परत मिळणार होते. पण जी पंक्ती आत्ता आपल्या डोळ्यांसमोर उघडली, ती उघडली नाही असे कसे म्हणायचे? म्हटले, तर ती स्वतःपुरतीही पुन्हा मिटवावी लागणार होती.

"पहिल्या दोन पंक्ती बरोबर लागल्या," विश्वंभर म्हणाला. त्याचा स्वर कोरडा होता. "काल मला त्या लागत नव्हत्या. आत्ता त्याच्याकडून कळल्या. तिसरी त्याला येत नाही. मलाही येत नाही."

"श्रेणी?"

"मोरेश्वर मध्यम."

"आणि तू?"

विश्वंभराने खाली पाहिले. "पुन्हा ये," तो म्हणाला.

सभेत कोणी हसले नाही. पहिल्या ओळीतल्या प्रत्येकाला आपापले पान आठवत होते. शास्त्रीबुवा तेव्हा बोलले.

"काडी कोणाची भीड धरत नाही, हे खरे. पण ती वाट मिळते तिथेच शिरते. ज्या पानांवर प्रश्न आले ती तुम्ही वाचलीत. वाचून वाचून ती सैल झाली, आणि सैल झाली म्हणून काडी पुन्हा तिथेच शिरली. लबाडी कोणीच केली नाही. तुम्हाला येत होते तेच तुम्ही सांगितलेत, आणि मी ऐकले त्यालाच उत्तम म्हणालो. तरी अर्धी पोथी मिटलेली राहिली."

"आपल्याला हे ठाऊक होते, गुरुजी?" विश्वंभराने विचारले.

"शंका होती. पण शेला घेताना तुमचे चेहरे इतके उजळत, की काडी जोराने रेटायला माझा हात होईना. ते कठीण पान उघडणारा कोणीतरी हवा होता. विद्येच्या प्रेमाने कोणी उघडले नाही. तू असूयेने उघडलेस. मत्सर आणि असूया यांत भेद आहे, बाळ. मत्सर दुसऱ्याचे बरे पाहून नुसता जळतो. असूया उठून त्याच्या गुणांत दोष शोधायला निघते. ती शोधते, म्हणून तिच्या हाती काडी द्यावी. मात्र निर्णय तिच्यावर सोपवायचा तर तिच्याकडून कारण मागून घ्यावे. तुला अट घातली ती एवढ्यासाठी." मग त्यांनी विचारले, "ती पहिली पंक्ती मोरेश्वराला तुझ्याआधी लागली. म्हणून ती तुझ्या वाट्याला कमी आली का?"

"कमी नाही आली," विश्वंभर म्हणाला. "पण त्याला आधी आली, हे मनाला लागले."

आता मात्र सगळी सभा हसली, आणि शास्त्रीबुवाही हसले. "लागू दे," ते म्हणाले. "शेल्यासाठी झुरण्यापेक्षा ते बरे."

त्या दिवसापासून तिथे परीक्षेची शलाका सहाध्यायाच्या हाती देण्याची रीत पडली. आणि जो पान निवडेल त्यानेच कारणासह निर्णय द्यायचा, ही अटही राहिली. लाल काठाचे शेले त्यानंतर क्वचितच लागले. ज्यांना मिळाले त्यांना ते का मिळाले, हे मात्र नेमके सांगता येई.

आपल्याही शाळांत निकालाच्या दिवशी सगळेच पहिले आले, तर पेढे वाटण्याआधी पुस्तकाची कोणती पाने चिकटलेली राहिली तेवढे पाहून घ्यावे.

ही कथा अनेक ठिकाणी सांगितली जाते, आणि बहुतेक कथनकार शेवटी विश्वंभराला मोरेश्वराच्या गळ्यात पाडतात. दोघे रडतात, मत्सर अश्रूंत वाहून जातो, आणि श्रोते निश्चिंत होऊन उठतात. हे चूक आहे. तसे काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मोरेश्वर पोथी घेऊन तिसऱ्या पंक्तीपाशी बसला, तेव्हा विश्वंभर शेजारी येऊन बसला. "सरक जरा," तो म्हणाला, आणि पान दोघांच्या मध्ये ओढून घेतले. ती पंक्ती मोरेश्वराला आपल्याआधी लागेल, हे त्याला अजूनही सहन होत नव्हते.