चेहऱ्याचा पुरावा

सोनखिंड संस्थानात म्हाळसाबाई वैद्यांचं मोठं नाव होतं. बंदरावर आईबापांविना सापडलेली एक हबशी मुलगी त्यांनी रीतसर दत्तक घेतली, तिचं नाव द्वारका ठेवलं आणि आपली सगळी विद्या तिला दिली. पुढे म्हाळसाबाई वारल्या, आणि दिवाण त्र्यंबकपंतांनी त्यांच्या दवाखान्याला कुलूप ठोकलं. ती जागा त्यांना मेहुण्यासाठी हवी होती.

दारातून रोगी परत जाताना बघून द्वारका तडक दरबारात गेली.

"हबशांचे हात तलवारीला बरे, औषधाला नव्हेत," पंत म्हणाले. "आणि सरकार, वारस चेहऱ्यावरून कळतो. हा काळा रंग, हे कुरळे केस! म्हाळसाबाईंचं हिच्यात काय दिसतं?"

दरबार खदाखदा हसला. द्वारकेचे कान तापले, पण तिने नजर खाली घेतली नाही. गादीमागे थोरल्या महाराजांची तसबीर होती. त्यांचं नाक गरुडासारखं बाकदार. गादीवर बसले होते त्यांचे दत्तक पुत्र, आणि त्यांचं नाक चांगलंच बसकं.

"पंत, चेहराच पुरावा असेल, तर तसबिरीतलं ते नाक मला सरकारांच्या चेहऱ्यावर दाखवा," द्वारका म्हणाली. "दाखवलंत, तर दवाखाना सोडला मी."

पंतांची नजर तसबिरीवरून गादीकडे गेली आणि झटकन खाली वळली.

महाराज पुढे झुकले. "दाखवा ना, पंत. लहानपणापासून आम्हीही आरशात तेच शोधतो आहोत."

पंतांनी कमरेची किल्ली काढली आणि मुकाट्याने द्वारकेच्या हातावर ठेवली.