पहिल्या मापाची कहाणी

ऐका मापाई, तुमची कहाणी. घाटाच्या पायथ्याशी आटपाट पेठ होती. तिथं एक वाणी होता, नागशेट त्याचं नाव. दारात पाच बैल होते, पडवीत दुकान होतं, घरात बायको होती, तिचं नाव सारजा. नागशेट मीठ लादून घाट चढायचा, जोंधळा-गूळ लादून घाट उतरायचा. तो गेला की दुकान सारजा बघायची. जीभ तिखट, हात चोख. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "घ्यायचं तर घे, नाहीतर वाट मोकळी कर."

सासू मरायला टेकली. तिनं सारजेला जवळ बोलावलं. म्हणाली, "सूनबाई, किल्ल्या देते, आणि एक वसा देते." "काय वसा?" "मार्गेसर मास येईल. चार बुधवार धरावे. मापटं चिंचेनं घासावं, मापाई म्हणून हळदकुंकू लावावं. दुकान उघडल्यावर पहिला जो वाटसरू येईल, पहिलं माप त्याचं. त्याला एक म्हणू नये, लाभ म्हणावं. शिगोशीग भरावं, वरून हात फिरवू नये. नाव विचारू नये, गाव विचारू नये. त्यानं दिलं ते घ्यावं, नाही दिलं तर हात जोडावे. मग दोन म्हणावं, मग तीन म्हणावं, मग आपला व्यापार करावा." सारजेनं विचारलं, "हे कशासाठी?" सासू म्हणाली, "तुझा नवरा बैलांमागे हिंडतो, त्यासाठी. माप भरताना हात आखडू नकोस, भरलेलं माप उण्यात आणू नकोस, धरलेला वसा सोडू नकोस." एवढं बोलली आणि गेली.

सारजेनं सात वर्षं वसा चालवला. आठव्या वर्षी काय झालं, नागशेट कार्तिकात घाट चढला. "मार्गेसराच्या पहिल्या बुधवारी दारात असेन," म्हणाला. बुधवार आला, नागशेट आला नाही. सारजेचा एक कान दुकानात, एक कान वाटेवर. कुठं घंटा वाजली की ती उठायची. देवळातली असायची. मग पुन्हा बसायची.

शेजारी कासारीण राहायची, चंद्राकाकू म्हणत तिला. ती म्हणाली, "सारजे, ऐकलंस का? वर पीक बुडालंय, घाटात तापाची साथ आहे. गेलेला तांडा कधी येतो कुणास ठाऊक. घरात आहे ते धरून ठेव." सारजेनं कणगीवर झाकण ओढलं.

पहिल्या बुधवारी पहिला आला एक गोसावी. सारजेनं लाभ म्हटलं, माप भरलं, आणि वरून हात फिरवला. शीग कणगीत परत पडली. मनात म्हणाली, मूठभरानं काय होतंय.

दुसऱ्या बुधवारी आली एक बाई, कडेवर पोर. सारजेनं लाभ म्हटलं, मापात अंगठा घालून माप भरलं. पोर टकामका बघत होतं. मनात म्हणाली, अंगठ्याएवढ्यानं कोण मरतंय.

तिसऱ्या बुधवारी आला एक माणूस. डोक्याला तांबडं पागोटं, कानात भिकबाळी, अंगात ताप. खांबाला धरून उभा राहिला. म्हणाला, "बाई, मापभर तांदूळ द्या. पेज करून पितो. माझे बैल ओढ्यावर आहेत. बरा झालो की मीठ भरीन, तुमचे पैसे देईन." सारजेनं मापटं मांडीखाली सरकवलं. म्हणाली, "कोण तू? गाव कुठलं? जामीन कोण?" "जामीन कुठून आणू, बाई? परमुलखात आहे." "मग पुढचं दुकान बघ." तो गेला. त्या दिवशी सारजेनं लाभ म्हटलंच नाही. एकापासून मोजायला लागली.

गुरुवारी सकाळी घंटा वाजली. देवळातली नव्हे. नागशेटचा कवड्या बैल दारात उभा होता. पाठीवर गोणी नव्हती, मागं माणूस नव्हतं. सारजेनं बैलाच्या गळ्याला मिठी मारली. बैलानं मान काढून घेतली. आता बैलानं तोंड फिरवल्यावर बाईनं काय समजावं? तिनं कवड्याला गोठ्यात बांधलं, दुकानाला कडी घातली, पदरात चार भाकऱ्या बांधल्या आणि घाटाची वाट धरली.

पहिल्या मुक्कामाला पोचली. दुकानदाराला विचारलं, "इथून नागशेट गेला का?" "गेला. तापलेला होता. पहिल्या बुधवारी वरून उतरला, तापाच्या भरात उलटा फिरून पुन्हा वरच गेला. मापभर कण्या घेतल्या." "शिगेनं दिल्यात?" "दिवस असे, शीग कोण देतंय? सपाट दिल्या." सारजेनं आपल्या तळहाताकडं बघितलं.

दुसऱ्या मुक्कामाला पोचली. विचारलं. दुकानदारीण म्हणाली, "गेला. उभं राहवत नव्हतं त्याला. कण्या दिल्या, जरा कमीच दिल्या. देवानं बघितलं तर बघू दे." सारजेनं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. मग ती चालेना, पळायला लागली. तिसऱ्या ठिकाणी काय झालं असेल, ते तिला विचारायची गरज उरली नव्हती.

घाटमाथ्याची पेठ आली. देवळाच्या ओवरीत नागशेट पडला होता. ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. सारजेनं हाक मारली. त्यानं डोळे उघडले, तिला ओळखलं नाही. समोरच दुकान होतं. दुकानात बाई होती, भिवरा तिचं नाव. सारजा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. "बाई, मापभर कण्या दे. माझा माणूस जातोय."

भिवरा म्हणाली, "त्या ओवरीतल्याला मी बुधवारी नाही म्हटलंय."

"का म्हटलंस?"

"माझा जिवाशेट खाली गेला मीठ आणायला. निघतानाच अंगात कसर होती, ऐकलं नाही त्यानं. महिना झाला. त्याला तिथं कोण देतंय, म्हणून मी इथं देऊ?" एवढं बोलली आणि तिनं मान वर केली. सारजेकडं बघितलं, तिच्या फुटलेल्या पायांकडं बघितलं. मग मापटं उचललं, कण्यांत घातलं, भरून वर काढलं. म्हणाली, "पसर पदर. तू खालच्या पेठेची ना? माझा माणूस दिसला का कुठं? तांबडं पागोटं, कानात भिकबाळी."

बायांनो, मापटं पदरापासून वीतभर होतं. नाही दिसला म्हटलं असतं तर कण्या पदरात पडल्या असत्या. ओवरीतून नागशेटचं कण्हणं ऐकू येत होतं. पण ती वाणीण होती, आणि तिला कळत होतं, खोटं बोलून नेलेला जिन्नस माणसाला जगवत नाही.

"दिसला," सारजा म्हणाली. "बुधवारी माझ्या दुकानात आला होता. तापलेला होता. मापभर तांदूळ मागत होता. मी जामीन विचारला, आणि हाकलून दिला."

भिवरेचा हात जागीच थांबला. कण्यांचा एक दाणा सांडला नाही. मग ती म्हणाली, "जिवंत आहे?"

"ठाऊक नाही."

"तुझं माप मी भरलं, तर माझं कोण भरणार?"

"मी भरते. माझा माणूस तुझ्याकडं ठेवते. मी आता उलटपावली खाली जाते, तुझा शोधते. तुझा मेला असला तर..."

भिवरा म्हणाली, "जामीन कोण?"

सारजा म्हणाली, "तो ओवरीत पडलाय तो."

भिवरेनं पदरात नाही ओतलं. मापटं घेऊन उठली, चुलीकडं गेली. पाठमोरीच म्हणाली, "पळ. उभी राहून काय बघतेस?"

सारजा पळाली. नवऱ्याजवळ घटकाभर बसली नाही. तीन दिवसांची वाट दोन दिवसांत उतरली. मनात एकच, बाई माझ्या माणसाला पाजेल का टाकेल, आणि तिचा माणूस मला सापडेल का जळलेला सापडेल. ओढ्यावर बघितलं, नाही. मंदिरात बघितलं, नाही. मसणाकडं बघायला पाय उचलेना, तरी बघितलं. राख थंड होती, जुनी होती.

घरी आली तर चंद्राकाकू कुंपणापाशी उभी. म्हणाली, "कुठं मेली होतीस? तुझ्या गोठ्यात एक माणूस पडलाय, शुक्रवारपास्नं. बैलाच्या अंगाची ऊब घेऊन पडलाय. मी आपलं कुंपणावरनं पाणी दिलं, गूळ दिला. दुकान तुझं, तांदूळ तुझे, कडी तुझी. मी काय करू?"

तांबडं पागोटं गव्हाणीत पडलं होतं. सारजेनं नाकापुढं बोटं धरली. श्वास होता, दोऱ्याएवढा. मग तिनं कणगी उघडली, मापटं घासलं, हळदकुंकू लावलं, लाभ म्हणून शिगोशीग माप भरलं. पेज केली. पहिला घोट दिला, ओघळून गेला. दुसरा दिला, ओघळून गेला. तिसरा दिला, गळ्याची घाटी हलली. दिवसभर तेच, रात्रभर तेच, दुसऱ्या दिवशी जिवाशेटनं डोळे उघडले. तिला ओळखलं. म्हणाला, "बाई, जामीन मिळाला नाही."

"मिळाला," सारजा म्हणाली. "तोंड उघड."

तिचा माणूस वर कसा आहे, ते तिला कोण सांगणार? ती घोट मोजायची आणि वाटेकडं बघायची. ह्याचा ताप उतरला की तिला वाटायचं, त्याचाही उतरला. ह्याला ठसका लागला की तिला वाटायचं, त्यालाही लागला.

चौथा बुधवार आला. सारजेनं दुकान उघडलं. घंटा वाजली. बैल आला, बैलावर नागशेट, दोरीनं बांधून बसवलेला, आणि दोरी भिवरेच्या हातात. गिऱ्हाइकाच्या जागी पहिली उभी राहिली ती भिवरा.

सारजेनं नवऱ्याकडं बघितलं नाही. आधी मापटं भरलं, शिगोशीग, हात फिरवला नाही. "लाभ," म्हणाली, आणि भिवरेच्या ओटीत ओतलं. मग मान वर केली.

भिवरा म्हणाली, "तुझा माल आणलाय. बघून घे. वाटेत जरा वाळलाय, तूट धरू नकोस."

सारजा म्हणाली, "तुझाही काही शिगेला आलेला नाही. आत आहे, दोन घास खातो."

मग दोघींना रडू आलं. मग दोघींनी मिळून वसा उजवला. पुढं सारजेची माणसं वर गेली की भिवरेच्या दारात पहिलं माप त्यांचं, भिवरेची खाली आली की सारजेच्या दारात पहिलं माप त्यांचं. चंद्राकाकूलाही मिळालं, तिनं आपण दिलेल्या गुळाची आठवण करून दिली म्हणून.

जशी मापाई सारजेवर कोपली आणि मग निवली, तशी तुम्हांआम्हांवर न कोपताच निवो. परमुलखात गेलेलं आपलं माणूस ज्या दारात उभं राहील, तिथं त्याला भरलं माप मिळो, आपल्या दारात येईल त्यालाही मिळो. साठां मापांची ही कहाणी पांचा मापांत भरली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.