अंधाराचा धागा

एकदा काय झालं, डोंगरावरच्या एका गावात दुर्पदा नावाची मुलगी बारा वर्षं लांब शिकून परत आली. वाटेतच तिनं मनात सगळं रंगवलं होतं. तानूआत्याच्या परसात चौदा कोंबड्या, टोपलीभर अंडी, आणि रोज सकाळी गावातल्या प्रत्येक लेकराच्या हातात एकेक गरम अंडं! आणि दिसलं काय? चौदा बोडक्या कोंबड्या अंग आखडून बसलेल्या. कुणाची मान उघडी, कुणाची शेपटी गळालेली. टोपलीत नुसता भुसा.

"आत्या, यांना झालंय काय?"

"काही नाही गं. थंडी पडली, शिवायला बसल्यात."

त्या गावात असंच म्हणायचे, बरं का. थंडीत कोंबडीची जुनी पिसं गळतात. मग ती अंधारातून धागा ओढते आणि नवी पिसं अंगाला शिवून घेते. रात्र मोठी, म्हणून धागा लांब. तोवर तिच्याकडे अंडं मागायचं नाही. संक्रांत झाली की ती आपणहून देते.

दुर्पदा खो खो हसली. "कोंबडी काय शिंपीण आहे? आत्या, उजेड कमी पडला की अंडी थांबतात. पुस्तकात आहे तसं."

"त्या पुस्तकवाल्याला एकदा आमच्या थंडीत उघडा बसव म्हणावं," आत्या म्हणाली. पण भाची लाडकी. तिनं खुराड्याची कडी काढून दिली.

मग दुर्पदानं खुराड्यात एक कंदील टांगला. काही दिवसांनी दोन अंडी मिळाली. मग दुसरा टांगला. सहा मिळाली. मग तिसरा टांगला, आणि चौदाच्या चौदा! लेकरं धावत आली. सोलताना बोटं पोळली तरी हसली. बायका म्हणाल्या, "शिकलेली ती शिकलेलीच हो!" मग काय, घरोघरी कंदील हवे झाले. दुर्पदा स्वतः दारोदार जाऊन टांगून आली.

आत्या रोज म्हणायची, "अगं, त्यांच्या माना अजून उघड्याच आहेत."

"भरतील गं. दाणे वाढवलेत मी."

मग पौषातली एक सकाळ उगवली. गवतावरचं दहिवर गोठून पांढरं झालं होतं. दुर्पदानं गाणं गुणगुणत खुराडं उघडलं. तिन्ही कंदील जळत होते. तेरा कोंबड्या एकमेकींना चिकटून ताठ पडल्या होत्या. प्रत्येकीच्या पोटाखाली एक अंडं होतं.

आत्या रडली नाही. तिनं कुदळ आणून दुर्पदाच्या पायाशी टाकली. "बारा वर्षं शिकलीस ना? आता खड्डा खणायला शीक."

तेरा जणींना पुरता पुरता दिवस कलला. चौदावी, कवडी नावाची म्हातारी, तेवढी धुगधुगत होती. दुर्पदानं तिला शालीत गुंडाळून चुलीपुढं मांडीवर घेतलं. आणि कवडी माणसासारखं बोलली, बरं का.

"धागा चोचीत यायचा, आणि तुझ्या उजेडात विरून जायचा. एक टाका पुरा झाला नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या आत्यानं सांगितलं होतं. तू हसलीस."

"लेकरांसाठी केलं गं मी!"

"हो. आमचं पांघरूण त्यांना खायला घातलंस."



दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंगणात आली. शहराकडची वाट समोरच होती. निघून गेली असती तर कुणी अडवलं नसतं. पण खाली उतारावर घरोघरच्या खुराड्यांच्या फटींतून उजेड झिरपत होता. सगळा तिनंच टांगलेला. त्या उजेडात आणखी किती कोंबड्या उघड्या बसल्या असतील! मग तिनं ठरवलं. प्रत्येक दारात जायचं, 'मी चुकले, तेरा जणी माझ्या हातानं मेल्या' असं मोठ्यानं सांगायचं आणि कंदील उतरवायचा. बायका टोमणे मारतील, लेकरं अंड्यासाठी रडतील, कुणी दारही लावून घेईल. घेऊ देत. ती उतार उतरली आणि पहिल्या दाराची कडी वाजवली.

तिचं ऐकलं का कुणी? ज्यांनी ऐकलं, त्यांच्या कोंबड्या सुखानं नांदल्या. बाकीच्यांचं नका विचारू. पाय पांघरुणात घ्या, डोळे मिटा. मी आहे इथंच बसलेली.