भुकेला नको, जेवलेला नको

शके अठराशे दहा, माघ महिना, शिशिराचे दिवस. भोकरीच्या घाटातलं राजेसाहेबांचं नवं भज्यांचं दुकान महिनाभर बंद पडून होतं. चूल होती, कढई होती, बेसनाची पोती होती. तळायला माणूस नव्हतं!

माणसं येत नव्हती असं नाही. रोज दारात रांग लागायची. पण राजे उदाजीराव हट्टी. नोकर मी स्वतः पारखून घेणार, म्हणाले. दुकानाची कल्पनाही त्यांचीच. घाट चढून आलेला घोडा हौदावर पाणी पितो. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत टांग्यातल्या उतारूच्या हातात गरम भजी पडली पाहिजेत!

पहिला आला तो आचारी होता.

"कुठं काम केलंस?"

"लग्नाकार्यांत, सरकार. जन्म गेला त्यात."

"लग्नातला पाहुणा थांबतो, टांगा थांबत नाही. अशा दुकानात काम केलंयस का?"

"सरकार, असं दुकान मुलखात हेच पहिलं!"

"म्हणजे अनुभव नाही. नीघ!"

दुसऱ्याला कढईपाशी उभं केलं. तो उपाशी होता. एक भजं उतारूला, दोन स्वतःला! त्याला हाकलला. तिसरा घरून चांगला चापून आला आणि बेसनाच्या पोत्याला टेकून घोरू लागला. त्यालाही हाकलला.

मग राजेसाहेबांनी दवंडी पिटवली. भुकेला खातो, जेवलेला पेंगतो. जो भुकेला नाही आणि जेवलेलाही नाही, त्यालाच नोकरी!

लोकांनी डोकी खाजवली. एक जण अर्धी भाकरी खाऊन आला. राजेसाहेब म्हणाले, "म्हणजे अर्धा वेळ पेंगशील आणि अर्धा वेळ भजी खाशील!" दुसरा तापानं फणफणलेला आला. "सरकार, काल दुपारपासून जेवलो नाही आणि भूकही नाही!" एवढं बोलून तो खाली बसला.

"अट पुरी झाली, सरकार," कारभारी विसाजीपंत म्हणाले.

"झाली! आता त्याला वैद्याकडे न्या!"

घाटाखालच्या वस्तीत येसू नावाची कोष्ट्याची पोर राहायची. तिला ही नोकरी हवीच होती. भाद्रपदात तिच्या आईनं शेजारच्या तान्हूबाईची तांब्याची घागर उसनी आणली आणि नदीच्या लोंढ्यात ती हातातून गेली. तान्हूबाईच्या मुलीचं लग्न फाल्गुनात. घागर मुलीबरोबर सासरी जायची होती. तान्हूबाई एका शब्दानं बोलत नव्हती. त्यामुळे येसूच्या आईची मान आणखीच खाली जात होती.

येसूनं दवंडी ऐकली. चार दिवस ती थांबली. पाचव्या दिवशी दुपारी घाट चढून सरळ राजेसाहेबांपुढे उभी राहिली.

"काय गं, जेवून आलीस?"

"नाही, सरकार."

"मग भुकेली आहेस!"

"मुळीच नाही, सरकार."

"ताप आहे?"

"थंड पाण्यानं अंघोळ करून आलेय."

"मग खोटं बोलतेस! पंत, हिला घालवा!"

"घालवा, सरकार. पण आधी एक सांगा. आपलं जेवण झालं?"

राजेसाहेब ताडकन सरळ बसले. "जेवण? आज महाशिवरात्र! माझा कडकडीत उपवास आहे!"

"अरे देवा! मग सरकारांना भूक लागली असेल."

"भूक कशानं लागेल? वरीचे तांदूळ झाले, दाण्याची आमटी झाली. शिंगाड्याची थालिपीठं, कवठाची चटणी, रताळ्याचा कीस, वर वाटीभर बासुंदी..."

पंत खोकले. राजेसाहेब थांबले. पंतांकडे पाहिलं. मग येसूकडे पाहिलं.

"सरकार जेवलेले नाहीत," येसू म्हणाली, "आणि सरकार भुकेलेही नाहीत. मी तशीच आलेय. आमच्याकडे बासुंदी नव्हती, रताळी होती. आणि आज तुमचं एक भजं कमी होणार नाही. बेसन उपासाला चालत नाही!"

"पण पोट भरलंय ना तुझं? पेंगशील!"

"सरकार आत्ता पेंगताहेत का?"

"मी? मी कारभार करतोय!"

"मग मी भजी तळीन."

पंतांनी तोंडावर उपरणं धरलं. राजेसाहेब मात्र हटणारे नव्हते.

"ठीक! आज शिवरात्र म्हणून निभावलं. उद्या काय करशील? उद्या तू जेवणार! पेंगणार!"

"उद्या सरकारही जेवतील," येसू म्हणाली. "उद्यापासून कारभार बंद ठेवणार का?"

राजेसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. मांडीवर थाप मारून ते एवढे हसले की हौदावरच्या घोड्यानं पाणी पिताना मान वर केली.

"पंत, चूल पेटवा! दुकान हिच्या हाती! आणि पोरी, बक्षीस माग."

"तांब्याची घागर द्या, सरकार. मोठी."

"घागर? बाई, सोन्याची नथ माग की!"

"घागरच द्या."

कोठीतून नवी कोरी घागर आली. येसूनं ती डोक्यावर घेतली, घाट उतरली आणि घरी न जाता तान्हूबाईच्या दारात थांबली.

"मावशी, आईनं नेली होती ती."

तान्हूबाईनं घागर आत नेऊन ठेवली.