उठून गेलेला पीर

कवडगावच्या कबरस्तानात पाहुणे हटकून चुकतात. फाटकातून शिरलं की समोर दोन थोरले घुमट दिसतात. लगेच चपला काढतात, डोकं झाकतात आणि दोन्हींच्या मधल्या चौथऱ्यावर फुलं वाहून मोकळे होतात. तिथं कोणी नाही! पीर मिस्कीन शाह पार कोपऱ्यात, पडक्या भिंतीलगत आहेत. कितीदा सांगितलं, पण ऐकतो कोण?

असं सांगतात की आधी पिरांची मजार त्या चौथऱ्यावरच होती. मीरासाहेब नावाच्या कबर खोदणाऱ्यानं त्यांची अखेरपर्यंत सेवा केली. जाताना पिरांनी त्याला शब्द दिला, "मीरा, तुझी जागा माझ्या पायथ्याशी."

पुढे दोन सरदारांना पिराच्या शेजाराची हाव सुटली. दोघेही धडधाकट, मरायचं नाव नाही. पण घुमट मात्र आत्ताच हवेत. एकानं मजारीपासून चार हात सोडले की दुसरा तीनच सोडी. बघता बघता पायथ्याच्या जागेवरही चुन्याच्या रेघा पडल्या. मीरासाहेबाची बायको हसनबी तिथं झाडलोट करी. रोज टोपल्या भरभरून दगडाच्या कपच्या उचलताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणे.

अशातच मीरासाहेब वारला. सरदारांच्या माणसांनी जनाजा चुन्याच्या रेघेवरच अडवला. ज्यानं अख्ख्या गावाच्या कबरी खोदल्या, त्यालाच जागा मिळेना. दफन तरी किती खोळंबवणार? शेवटी भिंतीलगत, कपच्यांच्या ढिगाऱ्यापाशी त्याला मूठमाती दिली.

हसनबी तडक मजारीवर गेली. दुआबिआ काही मागितली नाही.

"बाबा, शब्द देताना गोड वाटलं व्हय? माझा माणूस तिकडं कचऱ्यात पडलाय, अन् तुम्ही हितं चादर पांघरून निजलाय! आता माझ्यानं नाही व्हायचं. तुमची झाडलोट तुम्हीच करा!"

झाडू तिथंच टाकून ती घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ती फुलं घेऊन नवऱ्याच्या कबरीवर जियारतीला आली, तर त्याच्या डोक्याच्या बाजूला आणखी एक कबर. वर पिरांचीच हिरवी चादर. इकडे चौथरा सपाट. मीरासाहेब आता बरोबर पिरांच्या पायथ्याशी होता. हसनबी तिथंच पोटभर रडली.

आजही इथं नवसाला आलेली माणसं आधी पिराला चार शब्द सुनावतात, मग मागणं मागतात. कुणाची जीभ रेटली नाही, तर मुजावरच वैतागून म्हणतात, "अहो, बोला की! रागावल्याबिगर आमचे बाबा उठत नाहीत."