धरणाच्या भिंतीची ओटी

एक होती नदी, आणि ती होती अर्धीच! वर धरणाच्या भिंतीमागे हिरवं, गप्प पाणी. खाली भोईवाडीत नुसते गोटे. तिथे आईजवळ राहायची चिमुकली बकुळी. घरात दोन वेळच्या पेजेचीही मारामार. नदीत मासेच उरले नाहीत, म्हणून तिचे आबा दूर समुद्रावर लोकांच्या होड्या वल्हवायला गेले होते. बकुळी रोज कोरड्या काठावर बसून त्यांची वाट बघायची. तिला आबांची फार फार आठवण यायची.

धरण बांधलं होतं पिठाच्या चक्कीसाठी. चक्की कधीच मोडली, मालकही गेले, भिंत मात्र उभी ती उभीच!

एके सकाळी भिंतीच्या पायथ्याशी, आटत्या डबक्यात, इवलेसे रुपेरी मासे तडफडत होते. पोटात भूक होती, तरी बकुळीने ते ओंजळीओंजळीने वर नेऊन पाण्यात सोडले. तोच एक गुलाबी कमळ उमललं अन् त्यातून निळ्या, झगमगत्या पंखांची परी बाहेर आली.

"माग बाळे, एक इच्छा. पण त्यात ज्याचं काही जाणार असेल, त्याला आधी विचारायचं हं!"

"नदी वाहू दे," बकुळी म्हणाली. "मग आमचे आबा घरी येतील."

जाणार होती भिंत. भोईवाडीत जुनी होडी मोडायची तरी आधी तिची ओटी भरतात. बकुळीने आईला विचारून घरातले शेवटचे मूठभर तांदूळ आणले, भिंतीला कुंकू लावलं.

"भिंतीबाई, जाशील का गं?"

"जाते बाई!" भिंत कण्हली. "पाणी अडवून अडवून पाठीचा काटा ढिला झाला माझा. कुणी जा म्हणेल तर ना!" आणि एकेक दगड हळूच निसटू लागला.

तेवढ्यात कमळ डगमगलं. बकुळीच्या एकदम लक्षात आलं. पाणी गेलं की परीचं घरही जाणार होतं!

"थांब गं भिंतीबाई!" ती रडू लागली. "परीताई, तुला विचारायचंच राहिलं. नको मला नदी."

"आणि आबा?"

"मी... मी वाट बघेन."

परीचे डोळे भरून आले. "वेडे, मीसुद्धा वाहत्या पाण्याचीच. इथे अडकल्यापासून समुद्राची ओढ लागलीय मला. तू विचारलंस, यातच सगळं आलं. सोड आता नदीला!"

ती हसली अन् सोनेरी उजेड होऊन पाण्यावर पसरली. क्षणात दिसेनाशी झाली.

नदी खळखळत निघाली, भोईवाडीतून थेट समुद्रापर्यंत. तिथे आबांनी तोंड धुवायला ओंजळ भरली. पाणी चक्क गोड लागलं! त्यांनी हातातलं वल्हं खाली ठेवलं.

"शेठ, मी निघालो," ते म्हणाले. "माझ्या घरचं पाणी आलंय."